'लिमिटेड-स्लिप'ला मराठीत काय म्हणावं?

सायली_अनुवाद
१९६० च्या दशकातल्या अमेरिकन मसल कारवरचा, म्हणजे दणकट इंजिनाच्या गाड्यांवरचा, एक लेख मराठीत करते आहे आणि एका शब्दापाशी अडून बसले आहे. १९६४ च्या पोंटियॅक जीटीओचं वर्णन आहे. ३८९ घनइंचांचं व्ही-८ इंजिन, साधं घेतलं तर ३२५ अश्वशक्ती, तीन कार्ब्युरेटरवालं घेतलं तर ३४८. पुढे म्हटलंय की ज्यांनी जादा पैसे मोजून 'सेफ-टी-ट्रॅक' बसवून घेतलं नाही, त्यांच्या गाडीचं मागचं एकच चाक जागेवर फिरायचं आणि रस्त्यावर एकच काळा पट्टा उमटायचा. सेफ-टी-ट्रॅक म्हणजे पोंटियॅकचं लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (डिफरन्शियल म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारी गिअरची जोडणी). मी 'मर्यादित-घसरण विभेदी' लिहिलं. संपादकांनी खोडून 'घसरणरोधक गिअर' केलं. म्हणाले, घसरत नाही एवढं वाचकाला कळलं की पुरे. मला ते पटत नाही. जाणकारांचं काय मत?

मिशिगनकर
सायलीताई, तुमच्या संपादकांना ठामपणे सांगा की हे चूक आहे. 'घसरणरोधक' म्हटलं की वाचकाला वाटणार टायर रस्त्यावर घसरत नाही. बर्फावर लिमिटेड-स्लिपवाली गाडी दोन्ही मागच्या चाकांनिशी सुंदर घसरते, इथल्या हिवाळ्यात मी पाहतो. इथे 'स्लिप' म्हणजे दोन चाकांच्या वेगातला फरक. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना हवं तसं वेगवेगळं फिरू देतं. लिमिटेड-स्लिप त्या मोकळीकीला आवर घालतं. तेव्हा 'मर्यादित' बरोबर, 'घसरण' चूक. मूळ इंग्रजी शब्दच दिशाभूल करणारा आहे, तोच दोष आपण मराठीत का आणायचा?

शब्दव्रती
मग 'विभेदी' तरी का? विभेद म्हटलं की फोडणं, फूट पाडणं आठवतं. गणितातला 'अवकल' यंत्राला चिकटवला तर कुणाला काही कळणार नाही. मी 'चक्रांतर' सुचवतो. चाकांमधलं अंतर राखणारं ते चक्रांतर, आणि त्याला आवर घालणारं ते 'संयत चक्रांतर'. नव्या कल्पनेला नवा शब्द घडवावाच लागतो. घडवला नाही तर भाषा दुसऱ्यांच्या शब्दांची कोठी होऊन बसते.

पाटील_मिरज
चक्रांतर म्हटल्यावर मला दोन चाकांमधली रुंदी वाटली, ट्रॅक्टरची पट्टी कमी-जास्त करतो ती. आमच्याकडे साधा शब्द आहे: लॉक. चिखलात एक चाक नुसतं फिरायला लागलं की टाचेजवळचं पेडल दाबायचं, दोन्ही चाकं एकदम ओढतात. वळायच्या आधी पाय काढायचा, नाहीतर ट्रॅक्टर सरळच जातो. शाळा न शिकलेला माणूसही 'लॉक लाव' म्हणतो. लिहा की 'आपोआप लागणारं लॉक'.

मिशिगनकर
पाटीलसाहेब, शब्द झकास आहे, पण वस्तू वेगळी. तुमचं लॉक लागलं की दोन चाकं एकजीव होतात. मसल कारमधल्या ईटन कंपनीच्या क्लचवाल्या डिफरन्शियलमध्ये बाजूच्या दोन्ही गिअरांमागे चकत्यांची चवड असते. निम्म्या चकत्या गिअरबरोबर फिरतात, निम्म्या बाहेरच्या पेटीबरोबर. मधल्या स्प्रिंगा त्यांना कायम दाबून धरतात, आणि तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला की गिअरांचे तिरके दात एकमेकांना बाहेर रेटून दाब आणखी वाढवतात. तरीही वळणावर चकत्या एकमेकींवरून सरकतात, वेगात फरक पडू देतात. हे लॉक नाही, घर्षणाचा लगाम आहे.

खरं लॉक अमेरिकेत वेगळं मिळायचं: डेट्रॉइट लॉकर. फोर्डच्या ड्रॅग पॅकमध्ये, म्हणजे शर्यतीसाठीच्या जादा सामानाच्या संचात, मागच्या गिअरांचा ३.९१ चा रेशो घेतला तर ट्रॅक्शन-लॉक यायचं आणि ४.३० चा घेतला तर डेट्रॉइट लॉकर. यातली गंमत पाहा, 'ट्रॅक्शन-लॉक' नाव असूनही ते लॉक नाही, क्लचवालं लिमिटेड-स्लिपच आहे. 'लॉक' लिहिलंत तर जुन्या फोर्डच्या मालकाला तुम्ही नेमकं काय म्हणता ते कळणार नाही.

गॅरेज_कोल्हापूर
गॅरेजात कुणी 'विभेदी' म्हणत नाही. आम्ही त्याला 'हाउसिंग' नाहीतर 'क्राउन-पिनियन' म्हणतो. मालक सांगतो, 'हाउसिंगमधून आवाज येतोय'. डिफरन्शियल हा शब्द सगळ्यांना माहीत आहे, तोच ठेवा. मराठीत आलेला शब्द मराठीच.

शब्दव्रती
'आला म्हणून आपला' हे मला मान्य नाही. बैलगाडीच्या प्रत्येक भागाला आपल्याकडे शब्द आहे: आस, तुंबा, आरे, धाव. आस हा संस्कृतातल्या 'अक्ष'वरून आला. त्या सुतारांनी घडवले, वापरले, टिकवले. आपण का घडवू नयेत?

पाटील_मिरज
आस, तुंबा हे शब्द ते काम करणाऱ्यांनी केले, कोशात बसून नाही केले. आणि बैलगाडीला डिफरन्शियल लागतच नाही. तिचा आस फिरत नाही, दोन्ही चाकं त्याच्यावर सुटी फिरतात. एकाच इंजिनानं दोन चाकं फिरवायची म्हटल्यावर ही भानगड आली. जी वस्तू सुतारानं पाहिलीच नाही, तिचा शब्द त्याच्याकडे कुठून असणार?

मेधा_ठाणे
मला वेगळंच विचारायचंय. माझा दीर टेक्सासात आहे, त्याच्याकडे शेव्हरलेटची जुनी शेव्हेल गाडी आहे. तो कुठल्याही कंपनीच्या गाडीला 'पॉझी आहे का?' असंच विचारतो. मग सायलीने सरळ 'पॉझी' का लिहू नये?

मिशिगनकर
मेधाताई, पॉझी म्हणजे पॉझिट्रॅक्शन, शेव्हरलेटचं नाव, १९५७ पासूनचं. पण डालडा जसा सगळ्या वनस्पती तुपाला चिकटला, तसं हे नाव सगळ्यांना चिकटलं. बाकीच्यांची नावं वेगळी होती. ओल्ड्समोबिलचं अँटी-स्पिन, क्रायस्लरचं शुअर-ग्रिप, एएमसीचं ट्विन-ग्रिप, फोर्डचं आधी इक्वा-लॉक आणि मग ट्रॅक्शन-लॉक. या सगळ्यांच्या आधी १९५६ मध्ये पॅकार्डने 'ट्विन ट्रॅक्शन' आणलं होतं. जुन्या गाड्यांच्या जत्रेत पोंटियॅकवाल्यापुढे 'पॉझी' म्हणा, तो लगेच दुरुस्त करतो. लेखात व्यापारी नावं जशीच्या तशी ठेवा. ती विशेषनामं आहेत, भाषांतर करण्याची गोष्ट नव्हे.

सायली_अनुवाद
नावं ठेवतेच. पण पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ द्यावा लागेल. 'दोन्ही चाकांना ताकद देणारं' असं लिहिलं तर चालेल?

दंतचक्र
नाही चालणार, कारण साधं डिफरन्शियलही दोन्ही चाकांना देतंच, आणि सारखाच पीळ, म्हणजे फिरवणारा जोर, देतं. अडचण अशी की ज्या चाकाखाली पकड कमी, ते जेवढा पीळ पेलेल तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. एक चाक तेलकट डांबरावर असलं की त्याला पेलवतो थोडाच, म्हणून कोरड्या चाकालाही थोडाच, आणि ३४८ अश्वशक्ती वाया. लिमिटेड-स्लिपमध्ये चकत्यांच्या घर्षणामुळे कोरड्या चाकाला जास्त पीळ जातो. 'ताकद' शब्द इथे गोंधळ वाढवतो.

शब्दव्रती
'पीळ' फार छान. 'आघूर्ण'पेक्षा शंभर पटीने चांगला. याला माझा पूर्ण पाठिंबा.

गॅरेज_कोल्हापूर
गॅरेजात आम्ही टॉर्कच म्हणतो. पण पीळ कळला.

मेधा_ठाणे
दिराने एकदा परीक्षा करून दाखवली होती. गाडीची मागची दोन्ही चाकं उचलायची, न्यूट्रलमध्ये एक चाक हातानं फिरवायचं. दुसरं उलटं फिरलं तर साधं डिफरन्शियल, त्याच दिशेला फिरलं तर पॉझी. त्याच्या गाडीला मागे टिनची छोटी पट्टीही आहे, लिमिटेड-स्लिपचंच वंगण घाला असं लिहिलेली. साधं तेल घातलं की सावकाश वळताना मागून घरघर येते, म्हणाला.

मिशिगनकर
बरोबर. चकत्या धरतात-सोडतात, धरतात-सोडतात, त्याचा तो आवाज. म्हणून तेलात घर्षण मवाळ करणारं एक द्रव्य घालतात. पूर्वी ते स्पर्म व्हेलच्या तेलापासून करायचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं व्हेलच्या तेलाला बंदी केली, तेव्हा कंपन्यांना दुसरे पर्याय शोधावे लागले.

नीरजा_रत्नागिरी
व्हेलचं तेल मोटारीच्या गिअरमध्ये? हे मला माहीत नव्हतं. सायली, तुझ्या लेखात हे आलं तर 'शुक्राणू व्हेल' असं कृपया लिहू नकोस, एका वर्तमानपत्रात वाचून वाईट वाटलं होतं. त्याच्या डोक्यातलं तेल म्हणजे वीर्य असा दर्यावर्दींचा गैरसमज झाला, त्यावरून ते इंग्रजी नाव पडलं. गैरसमजाचं भाषांतर कशाला?

शब्दव्रती
'देवमासा' आहे की. आणि त्याहून जुना 'तिमी'. तिमीला गिळणारा तो तिमिंगल.

नीरजा_रत्नागिरी
देवमासा म्हटलं की मासा होतो. तो पिलांना दूध पाजतो, हवेत श्वास घेतो. मुलांना शिकवताना दरवेळी अडचण येते.

पाटील_मिरज
जेलीफिश, स्टारफिश तरी कुठे मासे आहेत? नाव ठेवताना कुणी चिरफाड करून ठेवत नाही. देवमासाच राहू द्या.

सायली_अनुवाद
सगळ्यांचे आभार. सध्या 'दोन्ही चाकांच्या वेगातला फरक आवरणारं डिफरन्शियल, म्हणजे लिमिटेड-स्लिप' असं घालते आहे. संपादक 'लांब झालं' म्हणणार हे नक्की. पाने शुक्रवारी जाणार आहेत, तोवर कुणाला आटोपशीर सुचलं तर सांगा.

मेधा_ठाणे
नीरजा, 'व्हेलची उलटी' पकडली अशा बातम्या रत्नागिरीकडून सारख्या येतात, ती याच व्हेलची ना?

नीरजा_रत्नागिरी
हो, स्पर्म व्हेलचीच, आणि 'उलटी' हाही चुकीचाच शब्द. ते आतड्यात तयार होतं, बरेचदा तोंडावाटे येतही नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते बाळगणं गुन्हा आहे, म्हणून बातम्या. त्याला 'अंबर' हा जुना शब्द आहे, अरबीतून आलेला. अत्तरवाले अजून तोच वापरतात.

शब्दव्रती
अंबर म्हणजे आकाश आणि वस्त्रही. हा तिसरा अर्थ अरबी 'अंबर'चाच, की संस्कृतातूनही काही वाट आहे? कुणाकडे जुना कोश असेल तर नोंद पाहून टाका.