सतरा ठिकाणी शेण खाल्लेला नायक तिच्यापाशीच बरा सुधारतो!

शेवंती
इंग्रजी ऐतिहासिक रोमान्स कादंबऱ्या मी भरपूर वाचते, त्यामुळे ही तक्रार घरातलीच समजा. नायक ड्यूक नाहीतर अर्ल. नट्या, विधवा, दुसऱ्यांच्या बायका, लंडनमध्ये काही म्हणता काही सोडलेलं नाही. मग नायिका येते आणि साडेतीनशे पानांत गडी एकपत्नी! का, तर ती 'वेगळी' आहे. आधीच्या बायकांचं पुढे काय झालं हे विचारायचं नाही. कुणाला गुप्तरोग नाही, कुणाला अनौरस मूल नाही. (असलंच तर गोंडस, आणि नायिकेला आठवड्यात आई म्हणणारं.)

इंग्रज कादंबरीकार सॅम्युएल रिचर्डसनने 'क्लॅरिसा' कादंबरीच्या (१७४८) प्रस्तावनेतच बजावलं होतं की सुधारलेला बाहेरख्याली माणूस उत्तम नवरा होतो हा समज घातक आहे. समज अजून ठणठणीत. आपल्याकडे "दोनाचे चार हात करा, येईल ताळ्यावर" म्हणतात, ते याहून वेगळं काय? या नायकाला आता पेन्शनीत काढा.

खडूस_वाचक
रिचर्डसनची अर्धीच साक्ष काढलीत. याच गृहस्थाने १७४० मध्ये 'पॅमेला' लिहिली. त्यात मालक मोलकरणीच्या मागे लागतो, तिला कोंडून ठेवतो, अंगावर जातो आणि शेवटी तिच्याशी लग्न करून सज्जन होतो. पुस्तक तुफान चाललं. पुढे 'क्लॅरिसा'चे खंड निघत असताना एक वाचक बाई त्याला विनवत होती, त्यातल्या बाहेरख्याली लव्हलेसला सुधारा आणि क्लॅरिसाशी त्याचं लग्न लावा. त्याने ऐकलं नाही. आग लावणारा आणि बंब घेऊन धावणारा एकच.

तिरकस
त्याच्याही आधी रंगभूमीवर हा वाद होऊन गेलाय. १६९६ मध्ये नट-नाटककार कॉली सिबरचं 'लव्हज लास्ट शिफ्ट' आलं. बायकोला टाकून गेलेला लव्हलेस (हा रिचर्डसनचा नव्हे, दुसराच) वर्षांनी परततो, तिला ओळखत नाही. ती परकी बाई बनून त्याला जाळ्यात ओढते, सकाळी ओळख सांगते. हा पायाशी! नाटकाच्या उपसंहारातच पुरुष प्रेक्षकांना दिलासा दिलाय, घाबरू नका, चार अंकांहून जास्त वेळ तो चालूच असतो. त्याच वर्षी दुसरा नाटककार व्हॅनब्रू याने 'द रिलॅप्स' लिहून त्याच जोडप्याला पुन्हा लंडनला आणलं. लव्हलेसने बायकोच्या चुलत बहिणीवरच डोळा ठेवला. आणि या उत्तर-नाटकात खुद्द सिबरने काम केलं. माझं मत व्हॅनब्रूला.

उंबरा
शेवंतीताई, 'येईल ताळ्यावर' म्हणणारी मुलाची आई असते. या कादंबऱ्या मुलीच्या बाजूने लिहिलेल्या आहेत, हा फरक तुम्ही सोडलात.

त्या काळचा कायदा बघा. लग्न झालं की बाईचा पैसा नवऱ्याचा. १८५७ च्या घटस्फोट कायद्यातही नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरे होता. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा टाकून जाणं असलं काहीतरी सिद्ध करावं लागे. हे १९२३ पर्यंत चाललं. नवरा कसा निघेल यावर बाईचा सगळा जन्म टांगलेला. अशा जगात सर्वांत धोक्याचा पुरुष बाईच्या अटीवर वागायला लागतो, हे स्वप्न कुणाला पडणार नाही?

आणि सगळ्याच लेखिका नायकाला फुकट सुधारत नाहीत. लिसा क्लेपसच्या 'डेव्हिल इन विंटर'मधला (२००६) सेबॅस्टियन आधीच्या पुस्तकात नायिकेच्या मैत्रिणीला पळवून नेतो, इतका नालायक. नायिका त्याच्याशी लग्न करते ते नातेवाइकांच्या जाचातून सुटायला, प्रेमाचा पत्ता नाही. वर अट घालते: तीन महिने ब्रह्मचर्य! त्याला खरं माणसात आणतो तो सासऱ्याचा जुगारखाना. आयुष्यात पहिल्यांदा हिशेब आणि नोकरमाणसं सांभाळायची वेळ येते. जॉर्जेट हेयरची 'व्हेनेशिया' (१९५८) तर शपथ मागतच नाही. नायक डॅमरेल कसा आहे ते तिला ठाऊक आहे, त्यावरून ती त्याची फिरकी घेते. 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून तो दूर जाऊ पाहतो, तर हीच डाव टाकून लग्न घडवून आणते. यात भाबडं कोण आहे?

शेवंती
जुगारखाना मान्य. चांगली कादंबरी आहे. पण ती अपवाद, आणि अपवादावर नियमाची अब्रू वाचवू नका. १९७२ च्या 'द फ्लेम अँड द फ्लॉवर'मध्ये नायक नायिकेवर बलात्कार करतो, पुढे तोच प्रेमळ नवरा. त्या पुस्तकाने एक अख्खी पिढी घडवली.

मला जेन ऑस्टिन पटते. 'मॅन्सफील्ड पार्क'मधला (१८१४) हेन्री क्रॉफर्ड नायिका फॅनीला गंमत म्हणून नादी लावायला निघतो, मग खरंच गुंततो. लोक म्हणतात, कर लग्न. ती नाही म्हणजे नाही. पुढे तो एका विवाहितेला घेऊन पळतो. फॅनी बरोबर होती.

उंबरा
शेवटचं प्रकरण परत वाचा. ऑस्टिन स्वतः लिहिते की त्याने चिकाटी धरली असती तर फॅनी त्याची झाली असती. म्हणजे सुधारणं शक्य आहे हे तिलाही मान्य.

शेवंती
'असती'! त्या 'असती'साठीच तर ऑस्टिन मोठी. तिने त्याला संधी दिली, त्याने माती खाल्ली. तुमच्या ड्यूकांना माती खायची संधीच नसते, पुस्तक लग्नाशी संपतं. मला दहा वर्षांनंतरचा नवरा दाखवा.

टिपकागद
सतरा ठिकाणी फिरून सुधारलेली नायिका किती पुस्तकांत आहे, ते पण मोजा कुणीतरी. उत्तराची घाई नाही.

उंबरा
शेवंतीताई, दाखवते. क्लेपसचंच 'डेव्हिल इन स्प्रिंग', २०१७. सेबॅस्टियन मोठ्या मुलांचा बाप झालाय, अजून बायकोवर जीव टाकतो. नायक त्याचा मुलगा.

शेवंती
वाचलंय. त्या मुलाचं पुस्तकाच्या सुरुवातीला एका विवाहितेशी प्रकरण चालू असतं, ते सांगायचं राहिलं वाटतं?