मदत हवी आहे: मॉडेलमध्ये खडकातली फट शून्यापेक्षा अरुंद होते आहे

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात राहतो, एम.टेक.चं दुसरं वर्ष. प्रबंधासाठी बेसॉल्टमधल्या एका काल्पनिक बोगद्याचं द्विमितीय मॉडेल पायथनमध्ये लिहिलंय आणि तीन आठवडे एकाच जागी अडकलोय.

आपला काळा पाषाण स्वतः जवळजवळ पाणी सोडत नाही, पाणी वाहतं ते चिरांमधून. पावसाळ्यात पारसिकच्या डोंगराची कापलेली बाजू जवळून बघा: एका चिरेतून धार लागलेली असते आणि वीतभर पलीकडची चीर कोरडी ठणठणीत. म्हणून सगळ्या खडकाची सरासरी न धरता मी प्रत्येक चीर वेगळी घेतली. प्रवाह घनाच्या नियमाने, म्हणजे फट निम्मी झाली की पाणी आठव्या हिश्श्यावर. बोगद्याकडे पाणी ओढलं गेलं की चिरेतला दाब उतरतो, तेर्झागीच्या हिशोबाने प्रभावी ताण (एकूण ताणातून पाण्याचा दाब वजा केल्यावर खडकावर उरणारा) वाढतो, चीर मिटू लागते आणि प्रवाह आणखी घटतो. हे चक्र मला नीट पकडायचंय. बोगद्यात पाणी किती शिरेल यापेक्षा वर विहिरीत किती उरेल, हा माझा खरा प्रश्न आहे. येऊरच्या पाड्यांवर लहानपणापासून जातोय, मे महिन्यात तिथे विहिरीत दोर किती सोडावा लागतो ते पाहिलंय.

सुरुवातीची फट ०.२ मिमी, नॉर्मल स्टिफनेस (चीर मिटायला किती ताण लागतो ते) मिलिमीटरला २ मेगापास्कल, बोगद्याच्या वर ५० मीटर पाणी. प्रत्येक कालपायरीत आधी विकृती (ताणामुळे खडकाचा बदलणारा आकार) स्थिर धरून पाण्याचा दाब काढतो, मग त्या दाबावरून विकृती, मग पुन्हा दाब. चौथ्या-पाचव्या फेरीपासून दाब हेलकावे खायला लागतो, फट शून्याखाली जाते आणि कोड बंद पडतो. पायरी एका दिवसावरून एका तासावर आणली, काहीही फरक नाही. फटीला ०.०१ मिमीची किमान मर्यादा घातली की कोड चालतो, पण मग येणारं उत्तर त्या मर्यादेचं असतं, खडकाचं नाही. ते मला प्रबंधात लिहायचं नाही.

हिशोबासाठी मॉडेलचे पाडलेले तुकडे, म्हणजे जाळी, आणखी बारीक करू, की मुळातच काही चुकतंय?

प्रतिसाद १

जाळीला हात लावू नका. दोन वेगळे दोष एकत्र आलेत.

पहिला साध्या आकडेमोडीचा. ५० मीटर पाणी म्हणजे साधारण ०.५ मेगापास्कल. तो सगळा उतरला तर तुमच्या स्टिफनेसने चीर ०.२५ मिमी मिटणार, आणि फट आहेच मुळी ०.२! सरळ रेषेचा नियम चिरेला चालत नाही. मिटता मिटता ती कडक होत जाते. बार्टन-बँडिसचा हायपरबोलिक नियम घ्या, त्यात जास्तीत जास्त मिटण्याला मर्यादा असते आणि ती चिरेच्या स्वभावातून येते.

दुसरा दोष क्रमाचा. विकृती स्थिर धरून दाब काढण्याच्या पद्धतीचं स्थैर्य दाब आणि विकृती यांची जोडणी किती घट्ट आहे यावर ठरतं, पायरीच्या लांबीवर नाही. म्हणूनच तुम्हाला फरक दिसला नाही. दाब काढताना विकृतीऐवजी एकूण ताण स्थिर धरा. आणि चिरा घालण्याआधी त्याच कोडवर मँडेलचा प्रश्न चालवा, म्हणजे पाणी भरलेला सच्छिद्र ठोकळा दाबण्याचा, उत्तर आधीच माहीत असलेला कसोटीचा प्रश्न. ठोकळ्याच्या मध्यभागी पाण्याचा दाब आधी थोडा चढून मग उतरला पाहिजे. तो चढ दिसला नाही, तर जोडणीच चुकलीये.

धागाकर्ता

मनापासून आभार. ही आकडेमोड मी एकदाही हाताने केली नव्हती. मँडेलमधला चढ दिसला. जास्तीत जास्त मिटणं ०.१५ मिमी धरलं तर बोगद्यालगतची फट ०.१०६ वर थांबते, प्रवाह साधारण सातव्या हिश्श्यावर येतो, हेलकावे थांबलेत. आता वरची विहीर जोडतोय. पण ०.१५ हा आकडा गृहीत धरलेला आहे. आपल्याकडच्या बेसॉल्टच्या चिरांवर कुणी प्रत्यक्ष चाचणी केली असेल, तर कृपया इथे लिहा.