मंडळीच्या कमिटीवर माणूस घेताना त्याची दुकानातली वही बघायची की नाही?

यार्डातला दिवाणजी
सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मी २२ वर्षं दिवाणजी आहे. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पुढच्या महिन्यात कमिटीची निवडणूक आहे. अर्जात दोनच गोष्टी विचारतात: वर्गणी भरली का आणि उपासनेला हजेरी किती. एवढ्यावर माणूस निवडू नये असं माझं ठाम मत आहे. अध्यक्षाचं नाव बाहेरच्या लोकांतही चांगलं असावं, असं बायबलमध्ये पौलाने तीमथ्याला लिहिलंय. मग बाहेरच्यांनाच विचारा की! त्याच्या गाळ्यातल्या हमालाला विचारा, भाडेकरूला विचारा.

माझ्यावरच बेतलं म्हणून लिहितोय. दोन वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, जतकडच्या एका शेतकऱ्याची हळद सौद्याला आली. पोती ३१ उतरली, पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबाच्या कागदावर, ३० चढली. चूक माझ्या हाताची. संध्याकाळी मेळ घालताना ध्यानात आलं, तोवर तो पैसे घेऊन एसटीला गेला होता. शेठ म्हणाले, "त्याला कळलं नाही, आपण कशाला उकरायचं?" मी वही मिटली. त्या रविवारी प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे खातात त्या भाकरीचं, ताट फिरवायची पाळी माझी होती. म्हातारी माणसं माझ्या हातातल्या ताटातून भाकर उचलत होती, आणि माझ्या नखांच्या कडेला हळद तशीच होती. आमच्या धंद्यात ती धुऊन जात नाही.

मिरजेचा जुना सभासद
दिवाणजी, कळकळ पोचली, पण हा रस्ता धोक्याचा आहे. आमच्या वस्तीत भिंतीला भिंत लागून घरं. उद्या कुणीही जुन्या भांडणाचा वचपा काढेल. आणि चौकशीत सापडतो कोण? ज्याचं सोसायटीचं कर्ज थकलंय तो. मोठ्या व्यवहारवाल्यांचे कागद नेहमी नीट असतात. मग कृपा कशासाठी? शिष्य असून पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, तरी येशूने आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, त्याच्याच हाती दिली ना?

यार्डातला दिवाणजी
दिली, पण पेत्र आधी बाहेर जाऊन रडला होता. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाला तर कुणी हिशेब मागितलाही नव्हता. येशू घरी आला एवढ्यानेच तो उठून उभा राहिला आणि चौपट परत करतो म्हणाला. कृपा झाल्यावर तिजोरी उघडते हो, बंद होत नाही.

वाईची लेक
तुम्ही दोघं बाजारातच अडकलात. घरातलं कोण विचारणार? माझ्या नात्यातले एक काका प्रार्थनासभा चालवायचे. आवाज असा की माणसं डोळे पुसायची. घरी चहा गार झाला की कप भिंतीवर. काकू ओल्या फडक्याने भिंत पुसायची, मग काचा वेचायची, बोट कापलं तर तोंडात धरायची आणि आम्हा मुलांना म्हणायची, "बाहेर खेळा जा." कमिटीने येऊन तिला विचारलं असतं तरी ती बोलली नसती, कारण काका ओसरीवरच बसलेले असायचे. पण म्हणून विचारूच नये, हे मला पटत नाही. तिला एकटीला, एखाद्या बाईने तरी विचारायचं होतं.

कुपवाडहून
दिवाणजींशी सहमत. मिरजेत १८९४ साली मिशनरी डॉ. वॉनलेस यांचं हॉस्पिटल सुरू झालं. चर्चची पायरी न चढलेली माणसं तिथे ऑपरेशनला आडवी झाली. बेशुद्ध माणसाला काय दिसतं? दार लागल्यावर आत काम चोख झालं, म्हणून बाहेर नाव झालं.

मिरजेचा जुना सभासद
बरोबर, आणि मी हेच म्हणतोय! त्या दाराशी काही मंडळीची कमिटी बसली नव्हती. आतल्या माणसाला देवाचं भय होतं. ते भय अर्जाने येत नाही. ताई, तुमच्या काकूंचं वाचून मात्र गप्प झालो. तिथे माझ्याकडे उत्तर नाही. बाकी, भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन सांगा, हा क्रम बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात खुद्द प्रभूने घालून दिलाय. तो सोडून हमालापासून सुरुवात का? आणि दिवाणजी, त्या शेतकऱ्याचं पुढे काय झालं?

यार्डातला दिवाणजी
सोमवारी शेठांशी बोललो. ते चिडले, म्हणून त्या पोत्याचे पैसे माझ्या पगारातून उचलले आणि जतच्या गाडीत बसलो. त्याने नोटा मोजल्या, चहा ठेवायला सांगितला. मग शांतपणे विचारलं, "दिवाणजी, एवढं एकच पोतं का? आम्ही आठ वर्षं तुमच्याच अडतीला माल घालतोय."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून दुकान बंद झालं की माळ्यावरच्या जुन्या पट्ट्या काढून अर्धा तास बसतो. अजून दोन नावं निघालीत. एक घर खानापूर तालुक्यात आहे, या रविवारी उपासना झाली की तिकडे जाणार आहे. हमालाला विचारायचं मी मागे घेतो, तुमचं भय खरं आहे. पण अर्जात एक ओळ तरी असू द्या: कुणाचं काही देणं लागता का? ती ओळ नसतानाही मी माझा अर्ज यंदा भरलेला नाही.