टी-रेक्स विरुद्ध गिगानोटोसॉरस: नुसती लांबी मोजून निकाल लागत नाही

हाडवेडा (धागाकर्ता)

दोन मोठे शिकारी डायनोसॉर समोरासमोर आणले की चर्चा लगेच मीटरवर येते. गिगानोटोसॉरस 12-13 मीटर, टी-रेक्सही 12-13 मीटर, म्हणजे सामना बरोबरीचा! मला हे अजिबात पटत नाही. माझ्या मते या झुंजीत टी-रेक्सच भारी पडेल, आणि त्याचं कारण लांबीत नाही, बांध्यात आहे.

शिकागोच्या फील्ड म्युझियममधली ‘सू’ ही टी-रेक्स 1990 मध्ये अमेरिकेतल्या साउथ डकोटात सापडली. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत 12.3 मीटर. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या ‘स्कॉटी’ या दुसऱ्या टी-रेक्सचं वजन 2019 च्या अभ्यासात सुमारे 8,870 किलो धरलं आहे. गिगानोटोसॉरस लांबीला तेवढाच, पण त्याची कवटी चिंचोळी आणि छातीही अरुंद. टी-रेक्सची कवटी मागच्या बाजूला एवढी रुंद होते की डोळे पुढे रोखलेले राहतात, म्हणजे अंतराचा अंदाज चांगला. नाकाची हाडं एकमेकांत जुळून एकसंध झालेली, त्यामुळे चावताना बसणारा ताण कवटी सहज पेलते.

चाव्याच्या जोराबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. 2012 च्या गणितात एका मागच्या दातावर 35,000 ते 57,000 न्यूटन (जोर मोजायचं एकक) आले, 2017 च्या अभ्यासात कमाल साधारण 34,500. कमी आकडा धरला तरी हाड फुटतं. सस्कॅचेवानमध्ये सापडलेल्या आणि 1998 मध्ये वर्णन झालेल्या, टी-रेक्सच्या मानल्या जाणाऱ्या अश्मीभूत विष्ठेत हाडांचा चुरा खच्चून भरलेला आहे, हा तर पोटातून आलेला पुरावा!

आणि एक गोष्ट कुणी बोलतच नाही: वळणं. 2019 च्या एका अभ्यासानुसार टायरॅनोसॉर कुळातले, म्हणजे टी-रेक्सच्या घराण्यातले प्राणी त्याच वजनाच्या इतर शिकाऱ्यांपेक्षा चपळाईने अंग वळवू शकत. धड आखूड, नितंबाजवळचे स्नायू दांडगे. झुंजीत ज्याचं तोंड आधी समोरच्याच्या बगलेकडे वळेल, त्याचा पहिला चावा.

दक्षिणवारा

असहमत, आणि दोन कारणांनी.

पहिलं म्हणजे तुम्ही ‘मारणं’ आणि ‘हाड फोडणं’ एकच धरलंय. गिगानोटोसॉरसचे दात चपटे, पातळ, कडेला करवतीसारखे. ते मांस कापायला आहेत. मांडीवर किंवा मानेवर एक खोल चिरा गेला की स्नायू तुटला, रक्त सुरू झालं. त्याच्या कुळातले प्राणी प्रचंड सॉरोपॉडांच्या (लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांच्या) शेजारी राहत होते. एवढं धूड पाडायचं तर हाड फोडत बसून भागत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. टी-रेक्सचे डझनांनी सांगाडे हाताशी आहेत, त्यातून तुम्ही सर्वात थोराड स्कॉटी निवडलात. गिगानोटोसॉरसचा बऱ्यापैकी पूर्ण सांगाडा एकच: 1993 मध्ये अर्जेंटिनाच्या न्यूकेनमध्ये रुबेन कॅरोलिनी यांना सापडलेला, 1995 मध्ये नामकरण झालेला. त्याशिवाय खालच्या जबड्याचा एक तुकडा आहे, 1998 च्या वर्णनानुसार तो मूळ नमुन्यापेक्षा सुमारे 8 टक्के मोठा. दोनच नमुने, आणि त्यातलाच एक मोठा निघाला! एका गावातला सर्वात उंच माणूस आणि दुसऱ्या गावातला वाटेत भेटलेला पहिला माणूस शेजारी उभे करून गावांची उंची ठरवतात का?

हाडवेडा

दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. सू आणि स्कॉटी बाजूला ठेवून मधल्या चणीचा टी-रेक्स घ्यायला हवा होता. वजनाचा फरक मी मांडला तेवढा उरत नाही.

पहिला मान्य नाही. रक्त वाहून प्राणी कोसळायला वेळ लागतो आणि तोवर तो चावतच असतो. मोडलेल्या पायाने मात्र त्याच क्षणी उभं राहता येत नाही.

निरीक्षण

मुळात हे दोघं भेटणारच नव्हते. गिगानोटोसॉरस साधारण 9.8 कोटी वर्षांपूर्वीचा, दक्षिण अमेरिकेतला. टी-रेक्स 6.8 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, उत्तर अमेरिकेतला. मध्ये 3 कोटी वर्षं! आणि समजा भेटलेच, तर दोघं एकमेकांचा अंदाज घेऊन बाजूला झाले असते. शिकाऱ्याला जखम परवडत नाही, पाय अधू झाला की उपासमार. वाघ आणि बिबट्या एकाच जंगलात राहतात, बिबट्या वाट सोडतो. जीवाश्म अभ्यासक जेम्स फार्लो आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये हिशोब मांडला होता की टी-रेक्स धावताना नुसता पडला तरी ते जिवावर बेतू शकलं असतं. असा प्राणी बरोबरीच्या धुडाला अंगावर घेईल?

मेघना_क

निरीक्षण, वाट सोडणं खरं आहे, पण अर्धंच. मोठे शिकारी एकमेकांना चावत होते याचे पुरावे भरपूर आहेत. 2021 मध्ये टायरॅनोसॉर कुळातल्या कवट्या-जबड्यांचे 202 नमुने तपासले गेले, त्यांवर चाव्यांचे 324 व्रण मिळाले. अगदी लहान पिल्लांच्या हाडांवर ते नाहीत, वाढत्या वयात दिसू लागतात. म्हणजे जोडीदारासाठी किंवा मानपानासाठी तोंडाला तोंड भिडत होतं. मादागास्करच्या माजुंगासॉरस या शिकारी डायनोसॉरने तर आपल्याच जातीचं मांस खाल्ल्याच्या खुणा हाडांवर आहेत, मारून की मेलेलं, ते त्यावरून सांगता येत नाही.

टी-रेक्सच्या बाजूने माझं एक मत जास्तीचं धरा: तोंडाशी तोंड भिडवायचा सराव त्याच्या कुळात होता.

कातळ७

सूच्या जबड्यावरची भोकंही झुंजीचीच ना?

मेघना_क

पूर्वी तसंच मानत. पण 2009 च्या अभ्यासात ती भोकं परजीवीच्या संसर्गाने पडली असावीत असं सुचवलं गेलं, आजच्या शिकारी पक्ष्यांना होतो तशा. म्हणून सू मी मोजलीच नाही.

दक्षिणवारा

मेघना, तुमचाच पुरावा तुमच्या विरुद्ध जातो. ते व्रण *भरलेले* आहेत. म्हणजे चावा बसला, तो प्राणी जगला, हाड पुन्हा सांधलं. 34,500 न्यूटन म्हणा की 57,000, थेट तोंडावर बसूनही मरण आलं नाही. मग एका चाव्यात गिगानोटोसॉरसचा पाय मोडेल, हे कशावरून?

हाडवेडा

याचं उत्तर शोधत बराच वेळ बसलो होतो. दोन गोष्टी सुचतात. जो चाव्याने जागीच मेला, त्याचं हाड भरायला वेळच मिळाला नाही. तसे घाव मेल्यानंतरच्या चाव्यांपासून वेगळे ओळखता येत नाहीत, त्यामुळे आपल्या मोजणीत फक्त वाचलेले येतात. दुसरं, आपल्या जातीतली झुंज बहुधा पूर्ण जोराने होत नसावी. आजच्या मगरीसुद्धा एकमेकींना धरतात, पण शिकारीला धरतात तशा नाही.

तरी तुमचा मुद्दा मी मनापासून घेतो. ‘एक चावा आणि खेळ खल्लास’ हे मी आता म्हणणार नाही.

कातळ७

स्पायनोसॉरसला कुणी विचारतच नाही! लांबीला तोच सगळ्यांत मोठा.

निरीक्षण

लांबीत मोठा, पण दात शंकूसारखे, निसटती मासळी धरायला. मागचे पाय आखूड. 2020 मध्ये वर्णन झालेली शेपटी वल्ह्यासारखी निघाली. तो पाण्यात पोहत शिकार करायचा की काठावर उभा राहून, यावर अभ्यासकांतच जोराचा वाद आहे. मोरोक्कोच्या केम केम नावाच्या खडकांच्या थरांत मात्र त्याच्या जोडीला कार्कारोडोन्टोसॉरस सापडतो, गिगानोटोसॉरसचाच भाऊबंद. एकच काळ, एकच नद्या. लढवायचेच असतील तर हे दोघं लढवा, मग माझी तक्रार नाही.

हाडवेडा

हे आवडलं. माझं मत लगेच देतो: कोरड्या जमिनीवर कार्कारोडोन्टोसॉरस, काहीच शंका नाही. पाठीवर दीड मीटरहून उंच काट्यांचं शीड घेऊन अंग चटकन वळवणं कठीण आहे.

दक्षिणवारा

जमिनीवर मीही तेच म्हणेन. पण भेट व्हायची ती नदीकाठीच, एखादा मोठा मासा ओढून बाहेर काढलेला असताना. स्पायनोसॉरसचे पुढचे पाय दणकट, नखं मोठी, आणि मागे पाणी. तिथे मी त्याच्या बाजूने उभा आहे.