‘प्रायमर’ला अस्तर म्हणावं का?

रामबाग, इंदूर : भाच्यासोबत प्लॅस्टिकच्या विमानाचा किट जोडतोय, १:७२ मापाचा. काम चालतं आईच्या ओट्यावर, त्यामुळे प्रत्येक पायरी तिला मराठीत सांगावी लागते. रंगाआधी मारायच्या थराबद्दल ‘प्रायमर म्हणजे अस्तर’ म्हणालो, तर म्हणते, “अस्तर आतून असतं. तू तर बाहेरून मारतोयस!” काय उत्तर देऊ?

सुदामा नगर : आईंचं शिंप्याच्या हिशेबानं बरोबर आहे, पण अस्तर ‘आत’ असतं ते अंगाच्या बाजूनं. रंगाचंही तसंच, आधी प्लॅस्टिक, मग अस्तर, मग दिसणारा रंग. शब्द मुळात फारसी, हिंदीतही तोच. आपल्याकडचे रंगारी हिंदीच बोलतात, तरी ‘अस्तर मार दिया’ हे मी लहानपणापासून ऐकतोय. शिंपी अस्तर लावतो, रंगारी मारतो, एवढाच फरक.

रामबाग : मग ‘पहिला हात’ का नको?

सुदामा नगर : कारण अस्तर हातांत मोजत नाहीत. रंगारी मजुरी सांगताना ‘अस्तर आणि दोन हात’ म्हणतो. हात म्हणजे रंगाचा थर. अस्तराचं काम वेगळं. गुळगुळीत पॉलिस्टायरीनवर, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकवर, रंगाला पकड मिळत नाही. मी एकदा कंटाळा करून थेट रंग दिला. रंग नको तिथे झाकायला चिकटवलेली मास्किंग टेप काढली, तर पंखावरचा निळा रंग टेपसकट वर आला, खालचं प्लॅस्टिक लख्ख!

लोकमान्य नगर : दादा, आणि राखाडी अस्तराचा दुसरा गुण? नुसत्या प्लॅस्टिकवर जे ओरखडे, सांध्याच्या रेषा दिसत नाहीत, ते त्या एकसारख्या फिक्या राखाडीत लगेच डोळ्यांत भरतात. तिथे लुकण भरायचं, घासायचं, पुन्हा अस्तर. लुकण हा शब्द मुद्दाम वापरला, पुट्टी पुट्टी करून तो विसरायला झालाय. पिवळ्या-लाल रंगाखाली मात्र पांढरं अस्तर घ्या, राखाडीवर पिवळा मळकट दिसतो.

रामबाग : ताई, लुकण पाठ! आता किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, तिच्यातून भाग कापल्यावर जो कोंब उरतो, त्याला काय म्हणू?

लोकमान्य नगर : देठ! भाग चौकटीला फळासारखे लोंबतात, तर देठच. पण खुडायचे नाहीत. पिरगळून तोडलं की देठाबरोबर भागाचाही लचका निघतो, खड्डा पडतो. आधी थोडा देठ ठेवून कापा, मग तो जवळून छाटा, उरलेलं ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं, शेवटी ८००नं, पाणी लावून. भाच्याला ‘देठ काढ’ सांगा, ‘गेट ट्रिम कर’पेक्षा लवकर कळेल.

सुदामा नगर : धुणं राहिलं. मोदकाच्या साच्याला तुपाचा हात फिरवतो ना, तसं कारखान्यातही भाग सुटून यावा म्हणून साच्याला काही तरी लावलेलं असतं, ते भागावर येतं. (हा ‘हात’ वेगळा, थराचा नव्हे. मराठीला हात फार.) कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. कढत पाणी नको, पातळ भाग वाकतात. रात्रभर वाळू द्या आणि नंतर बोटं लावू नका, हातालाही तेल असतंच.

रामबाग : आणि स्प्रेच्या डब्यातून? तेही ‘मारणं’च?

लोकमान्य नगर : मला ‘फवारणं’ आवडतं. पंधरा-वीस सेंटिमीटरवरून, डबा हलता ठेवून, पातळ. एकाच जागी थांबलात तर ओघळ येतो. पावसाळी दमट दिवशी टाळा, पांढरट झाक धरते.

रामबाग : आईला वाचून दाखवलं. अस्तर पटलं, देठ तर फार आवडला. ‘लुकण’ ऐकून म्हणाली, हा शब्द तिचे वडील खिडकीच्या काचांना वापरायचे. मास्किंग टेपला मात्र ती ‘ती पिवळी पट्टी’च म्हणते, त्यावर मी वाद घातला नाही.