साताऱ्यात ३ किलोवॅट सोलर पुरेल का? (मीटर आजोबांच्या नावावर, गच्चीवर कुरडया)

कंदीपेढा:
नमस्कार मंडळी. साताऱ्यात जुनं बैठं घर आहे, वर गच्ची साधारण ७५० स्क्वेअर फूट. आई-बाबा, आम्ही दोघं आणि पोरगं. वर्षाची सरासरी काढली तर महिना ३२० युनिट, पण गेल्या वर्षी बाबांच्या खोलीत एसी लावला आणि मेचं बिल ४३० युनिटवर गेलं. परवा एक सोलरवाला येऊन गेला, गच्चीवर पाच मिनिटं फिरला आणि ५ किलोवॅट हायब्रिड बॅटरीसकट घ्या म्हणाला, आकडा ऐकून बाबा खुर्चीतच बसले. मला वाटतंय ३ किलोवॅट पुरेल. पुरेल का? गीझर २ किलोवॅटचा आहे, पंखे पाच, सगळे जुने. लाईट गेल्यावर सोलर चालतं का? आणि अजून एक, हसू नका, पाटणकडे वनकुसवडेच्या पठारावर एवढ्या पवनचक्क्या फिरतात तर तसली छोटीशी गच्चीवर लावता येईल का? आईचा प्रश्न वेगळाच आहे, पॅनल लावा पण माझ्या कुरडया कुठे घालू ते आधी सांगा म्हणते.

बिलबहाद्दर:
आधी पंखे बदला मग बाकीचं बोलू. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी म्हणजे नव्या मोटरचा कमी वीज खाणारा पंखा ३० च्या आसपास. पाच पंखे रोज १२ तास धरले तर आत्ता दिवसाला साडेचार युनिट जातायत, बदलल्यावर १.८. म्हणजे उन्हाळ्यात महिन्याला ८० युनिट नुसत्या पंख्यांत वाचले, आणि रिमोट मिळतो तो वेगळा, तो पोरगं पहिल्या आठवड्यात हरवतं. गीझर रोज तासभर चालत असेल तर ते ६० युनिट. त्याच्या जागी १०० लिटरचा सोलर वॉटर हीटर टाकला की तेही जवळजवळ गेले, पावसाळा सोडून. एक किलोवॅट पॅनल आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, मग तुमचं काम २ किलोवॅटमध्येच भागेल, ५ चा विषयच नाही. सोलरवाले कधी पंखे बदला म्हणणार नाहीत, त्यांना त्यात काय मिळणार.
पवनचक्कीचं विसरा. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वीज आठव्या हिश्श्यावर येते. पठारावर मोकळा वारा असतो, गावात घरांच्या मधून तो अडखळत येतो, नुसता आवाज ऐकत बसाल.

वायरमनकाका:
२ किलोवॅटशी मी सहमत नाही. पंखे बदला, बरोबरच आहे, पण उद्या इलेक्ट्रिक स्कूटर येणार, दुसरा एसी येणार, तेव्हा परत एक पॅनल चढवायचं म्हणजे इन्व्हर्टरपासून कागदपत्रांपर्यंत सगळं पुन्हा. एकदाच ३ करा. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला ३०-३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, एकूण ७८ हजार, आणि त्याच्या पुढे किती का लावा, सबसिडी तेवढीच. म्हणून ५ वाल्याला हात जोडा. पॅनल मात्र डीसीआर पाहिजेत, म्हणजे सेलसुद्धा भारतात बनलेले, कोटेशनवर तसं लिहून घ्या, तोंडी नको.
लाईट गेल्यावर साधं ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट विजेच्या लाईनला (ग्रिडला) जोडलेलं सोलर चालत नाही, भर दुपारी बारा वाजता ऊन तळपत असलं तरी नाही. ग्रिड गेली की सोलरचा इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो, नाहीतर पोलवर चढलेल्या माझ्यासारख्याला तुमच्या गच्चीवरचा करंट लागेल. हे ९९ टक्के लोकांना बसवल्यानंतर कळतं आणि मग शिव्या मला पडतात. तुमच्याकडे लाईट किती जाते? तासभर जात असेल तर घरचा साधा इन्व्हर्टर-बॅटरी बास आहे, हायब्रिडचा खर्च नको.
आणि मीटर कुणाच्या नावावर आहे म्हणालात? शीर्षकात आजोबा दिसले. आजोबा नसतील तर आधी नाव बदला, सबसिडी मीटर ज्याच्या नावावर त्याच्या बँक खात्यात येते. सगळं बसल्यावर पळापळ नको.

सावलीत_बसलोय:
माझी चूक सांगतो, तुम्ही करू नका. मी पुण्यात मे महिन्यात पॅनल बसवले. जागा बघितली तेव्हा गच्चीभर ऊन, कुठेही सावली नाही, मी खूश. अहो, मेमध्ये आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य डोक्यावर, सावली पायाखाली, तेव्हा सावली दिसणार कुठून! डिसेंबर आला आणि अॅपवरचा आलेख दुपारी अडीचनंतर धाडकन खाली यायला लागला. वर जाऊन बघतो तर टाकीची सावली बरोबर तीन पॅनलवर. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला इतका कलतो की भर दुपारीसुद्धा वस्तूच्या उंचीच्या जवळपास तेवढी सावली उत्तरेला पडते, दुपार कलली की आणखी लांब आणि तिरकी. आणि पॅनल एका माळेत जोडलेले असले की एकावर सावली पडली तरी बाकीच्यांची वीज कमी होते.
तुमची टाकी कुठे आहे? बहुतेक नैर्ऋत्येला असणार, वास्तूवाले तिथेच ठेवायला सांगतात. म्हणजे हिवाळ्यात दुपारची सावली बरोब्बर गच्चीच्या मध्यात. टाकीचा वरचा काठ पॅनलपेक्षा किती उंच ते टेपने मोजा आणि त्याहून थोडं जास्तच अंतर उत्तरेकडे सोडून पॅनल मांडा, नाहीतर टाकीच्या पूर्वेला दक्षिणेच्या कठड्यालगत घ्या, पण कठडा उंच असेल तर त्याचीही सावली मोजा. फोनवर सूर्याचा मार्ग दाखवणारी अॅप्स असतात, त्यात २२ डिसेंबर टाकून बघा.
कुरडयांचं म्हणाल तर त्या एप्रिल-मेमध्ये, तेव्हा सावली पॅनलच्या खालीच पडते. उरलेली गच्ची आईंची. ३ किलोवॅटला ३०० स्क्वेअर फूट धरा.

देवगडची_मावशी:
वॉटर हीटरबद्दल एक. पाणी कसलं येतं ते आधी बघ रे. कास तलावाचं नळाचं पाणी असेल तर ठीक, बोअरचं जड असेल तर आत क्षार बसून बसून पाणी तापेनासं होतं, आमच्या जावेकडे तेच झालं, नळी काढून दाखवली तर आतून पांढरी फटक. आमच्याकडे म्हणशील तर मी हीटर काढून टाकला, पावसात चार महिने नाही म्हटलं तरी बंदच आणि बाकीच्या दिवसांत माकडं नळ्यांवर नाचतात. परत तांब्याचा बंब काढला. त्यात नारळाची सोडणं आणि करवंट्या घालते, पाणी कढत होतं, बिल शून्य. माडाची सोडणं काही संपायची नाहीत. साताऱ्यात चालणार नाही हे मला कळतं, तरी सांगितलं.

बिलबहाद्दर:
मावशी, यालाच आता बायोमास म्हणतात 😄 काका, स्कूटरचा मुद्दा मान्य. ३ करा पण पंखे आधी.

कंदीपेढा:
सगळ्यांना धन्यवाद, काल संध्याकाळी टेप घेऊन वर गेलो. टाकी नैर्ऋत्येलाच निघाली, सावलीतवाले, तुम्ही आमची गच्ची बघून गेलात का काय! काठ स्लॅबपासून ११ फूट. आणि त्या सोलरवाल्याने खुणा केल्या होत्या त्या टाकीच्या बरोब्बर मागे उत्तरेला, ४ फुटांवर. आता पॅनल दक्षिण-पूर्व बाजूला घेतोय, कठडा दीडच फुटाचा आहे. शेजाऱ्यांच्या नारळामुळे सकाळी नऊपर्यंत ऊन मिळणार नाही, पण त्यांना झाड तोडा म्हणायची माझी हिंमत नाही, दरवर्षी गणपतीत नारळ तेच देतात. पाणी कासचंच आहे. लाईट आठवड्यातून एकदा तासभर जाते, तेव्हा हायब्रिड रद्द. तीन बीएलडीसी पंखे मागवलेत, उरलेले दोन पगार झाल्यावर. आईने गच्चीवर खडूने रेघ मारून ठेवलीय, रेघेच्या अलीकडे काहीही आणायचं नाही म्हणाली.
काका, आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. मीटर बाबांच्या नावावर करायला मृत्यूचा दाखला आणि घरपट्टीची पावती पुरते का, की आत्याचीही सही लागेल? आत्या इस्लामपूरला असते आणि सध्या आमच्याशी बोलत नाही.