लक्झरी स्पोर्ट कूपे: बाहेरून अप्रतिम, मग आतून एवढी तडजोड का?

आडवीरेघ (धागा सुरू करणारा)

मुद्दा थेट मांडतो. आजच्या लक्झरी कूपेंचं (दोन दारांच्या, मागे उतरत्या छताच्या गाड्यांचं) बाहेरचं रूप म्हणजे गाडी-रचनेतलं अव्वल काम आहे, आणि आतलं रूप त्याच्या पासंगालाही पुरत नाही. उदाहरणाला लेक्सस एलसी ५०० घेऊ, कारण एकाच गाडीत दोन्ही गोष्टी दिसतात.

२०१२ साली डेट्रॉईटच्या मोटार प्रदर्शनात लेक्ससने एलएफ-एलसी ही संकल्पना-गाडी (विक्रीसाठी नाही, फक्त रचना दाखवायला बनवलेली) मांडली. २०१६ साली तिथेच विक्रीची एलसी आली आणि मूळ रेघा बऱ्याच अंशी शाबूत होत्या. हे सहज होत नाही. संकल्पना-गाडीचं बॉनेट हवं तेवढं खाली नेता येतं. खऱ्या गाडीत त्याच बॉनेटखाली ५ लिटरचं व्ही८ इंजिन, सस्पेन्शनचे वरचे आर्म आणि पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर पत्रा दबायला मोकळी जागा, एवढं सगळं बसवावं लागतं. लेक्ससने बॉनेट उचललं नाही. पुढचं सस्पेन्शन नव्याने आखलं आणि तीन छोट्या एलईडी भिंगांचा अगदी आटोपशीर हेडलाइट करवून घेतला, म्हणजे नाक आखूड राहील. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २८७० मिमी, उंची जेमतेम १३४५ मिमी. पुढचं चाक आणि दाराची पुढची कड यांच्यातलं अंतर बघा. मागच्या चाकांना ताकद देणारी दणकट गाडी आहे हे तिथेच कळतं.

आता आत बसा. दारावर अल्कांतारा या मखमली कृत्रिम कापडाच्या चुण्या अशा सोडल्यात की हात लावल्यावाचून राहवत नाही. स्टिअरिंगमागचे गिअर बदलायचे मॅग्नेशियमचे पॅडल, सरकती कडी असलेला मीटर, सगळं उत्तम. आणि मधोमध काय, तर स्क्रीनवरचा बाण हलवायला टचपॅड! चालत्या गाडीत डोळे रस्त्यावर ठेवून तो बाण नेमक्या चौकोनावर नेणं हे काम कुणालाच धड जमत नाही. २०२४च्या मॉडेलमध्ये तो काढून १२.३ इंची टचस्क्रीन बसवली. म्हणजे एक चूक काढून सगळ्यांची सामाईक चूक आणली. बॉनेटच्या रेघेसाठी सस्पेन्शन बदलणारी कंपनी बोटांसाठी एवढं का करत नाही, हा माझा प्रश्न.

पत्राकाम

आतल्या भागाबद्दल नंतर बोलू. बाहेरचं काम "अव्वल" आहे, यालाच माझा विरोध.

पहिली गोष्ट रिम. एलसीला २० इंची चाकांवर पुढे २४५/४५ आणि २१ इंचीवर २४५/४० टायर येतात. पहिला आकडा रुंदी मिमीमध्ये, दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. हिशोब करा: पहिल्यात रबराची भिंत सुमारे ११० मिमी, दुसऱ्यात ९८ मिमी. टायरसकट पूर्ण व्यास दोन्हीकडे ७२९ मिमीच्या आसपास, म्हणजे चाक मोठं झालंच नाही. रबर कापून त्या जागी धातू भरला, इतकंच. त्यात हे रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे, त्यामुळे भिंत मुळातच कडक. खड्ड्याच्या कडेवर आपटलं की टायरची भिंत रिम आणि कडा यांच्यात चिमटते, आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. तो दुरुस्त होत नाही, टायर बदलावाच लागतो. रिमची आतली कड वाकली तर बाहेरून दिसतही नाही, फक्त ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरतं. हे सगळं कशासाठी? फोटोत चाकावरची कमान भरलेली दिसावी म्हणून.

दुसरी गोष्ट म्हणजे अंगावरच्या तीक्ष्ण घड्या. दाराच्या सपाट भागावरचा पोचा रंग न उडता आतून दाबून काढता येतो. तोच पोचा घडीवर असला तर पत्रा तिथे साच्यातच ताणला जाऊन कडक झालेला असतो. मग रेघ सरळ येत नाही, लाटेसारखी दिसते. अ‍ॅल्युमिनियम असेल तर आणखी अवघड, कारण ते पोलादासारखं मूळ आकाराकडे परतत नाही आणि जास्त दाबलं तर तडकतं.

आडवीरेघ

@पत्राकाम, रिमबद्दल पूर्ण सहमत. एलसी घ्यायचीच तर २० इंचीच घ्यावी. चाक आणि उंची यांचं प्रमाण तेच राहतं आणि बसणारे हाडं मोजत नाहीत.

घडीबद्दल नाही पटलं. घडी नसेल तर एवढं मोठं मागचं पाखं उजेडात थुलथुलीत दिसतं. बेंटली कॉन्टिनेंटल जीटीच्या तिसऱ्या पिढीत अ‍ॅल्युमिनियम सुमारे ५०० अंशांपर्यंत तापवून हवेच्या दाबाने साच्यावर बसवतात, म्हणून मागच्या चाकावरचं वळण इतकं खोल आणि तरी इतकं धारदार येतं. शिवाय त्या पिढीत पुढचा अ‍ॅक्सल १३५ मिमी पुढे सरकवला. आधीच्या दोन पिढ्यांचं नाक चाकांच्या पुढे लोंबायचं, ते थांबलं. दुरुस्ती अवघड म्हणून असलं काम सोडून द्यायचं का?

वाऱ्याची दिशा

दोघंही रेघेवर बोलताय, हवेवर कुणीच नाही. कूपेचं छत मागे उतरतं तिथेच खरी परीक्षा असते.

उतार अंदाजे १२ ते १५ अंशांच्या पुढे गेला की हवा पत्र्याला धरून राहत नाही, सुटते. धरून राहिली तरी दुसरा प्रश्न: वळणावर धावणारी हवा दाब कमी करते, म्हणजे मागची चाकं हलकी होतात. पहिली आउडी टीटी १९९८ मध्ये आली. मागे एकही पंख नाही, शुद्ध गोल आकार. मग ताशी १८० किमीच्या वर झटकन लेन बदलताना किंवा वळणात मागचा भाग सुटल्याने अपघात झाले. १९९९च्या अखेरीपासून गाड्या परत बोलावून डिकीवर छोटा स्पॉयलर (हवेचा दाब मागच्या चाकांवर ठेवणारी पट्टी), ईएसपी (गाडी घसरू लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) आणि सस्पेन्शनमध्ये बदल असा उपाय करावा लागला. स्पॉयलरने रूप बिघडलं असं आजही म्हणतात. माझ्या मते ती गाडी तेव्हाच पूर्ण झाली.

याचं सुंदर उत्तर अ‍ॅस्टन मार्टिनने २०१६च्या डीबी११मध्ये दिलं. मागच्या काचेच्या बाजूच्या खांबांपाशी हवा आत घेतली, अंगातल्या नळीतून नेली आणि डिकीच्या झाकणावरच्या फटीतून वर सोडली. मोठा पंख नको आणि मागच्या चाकांवरचा हवेचा दाब टिकतो. अशी फट मला दागिन्याहून सुंदर वाटते, कारण ती काम करते.

उलट बाजूला खोट्या जाळ्या. बम्परच्या कोपऱ्यात काळं प्लास्टिक लावून हवा आत जाते असा भास करायचा. तपासायला टॉर्च मारा. मागे चाकाची कमान किंवा रेडिएटर दिसला तर खरी, कोरा काळा पत्रा दिसला तर खोटी. पुढच्या चाकामागची जाळी खरी असेल तर कमानीत कोंडलेली हवा तिथून निघते आणि पुढचा भाग वेगात हलका होत नाही. प्रचंड उभ्या ग्रिलचंही तेच. इंजिनाला लागते त्याहून मोठी जाळी लावायची आणि अर्धी मागून बंद करायची.

पॅकेजिंगवाला

मूळ धाग्याशी असहमत. स्क्रीनला झोडपणं सोपं आहे, पण बटणांनी भरलेली जुनी मधली पट्टी आठवा. फोनसाठी ० ते ९ आकडे, रेडिओची सहा बटणं, सीट, हवा, पार्किंग. चाळीस सारखी बटणं म्हणजे चाळीस वेळा खाली बघणं. नकाशा, कॅमेरा, फोन यांना पडदा लागतोच. कूपेत मागची काच चिंचोळी आणि खिडकीची खालची कड उंच, त्यामुळे रिव्हर्स कॅमेऱ्याची गरज सेडानपेक्षा जास्त. तो १२ इंचांवर नीट दिसतो, ५ इंचांवर नाही.

आणि आतल्या रूपाची खरी चूक कुणी सांगतच नाही: डॅशबोर्डच्या माथ्याचा रंग. कूपेची पुढची काच इतकी आडवी असते की माथा सरळ काचेत उमटतो. बेज किंवा पांढरा माथा घेतला तर दुपारी रस्त्यावर दुधी पडदा येतो. शोरूमच्या दिव्यात हे कळत नाही. माथा काळा किंवा गडद तपकिरी आणि बिनचमकेचाच हवा, त्यावर उठावदार पांढरी शिलाईसुद्धा नको. फिका रंग हवा तर कमरेखाली घ्या: सीट, दार, मधला बोगदा. हेड-अप डिस्प्ले (पुढच्या काचेत वेग वगैरे दाखवणारा) असेल तर पोलराइज्ड चष्म्यातून तो बराचसा गायब होतो, हेही घेण्याआधी बघून ठेवा.

शिलाईकाम

पडदा का बटण, हा वाद मला दुय्यम वाटतो. हात दिवसभर ज्याला लागतो तो माल बघा.

पियानो ब्लॅक हा आतल्या सजावटीतला सर्वांत वाईट निर्णय आहे. चकचकीत काळ्या प्लास्टिकवर धूळ बसते आणि कोरड्या फडक्याने पुसली की तीच धूळ बारीक ओरखडे काढते. आधी मऊ ब्रशने धूळ झटका, मग ओलसर मायक्रोफायबर, दाब न देता, एकाच दिशेने. नवी गाडी असेल तर पहिल्या दिवशीच पारदर्शक फिल्म लावा. त्यापेक्षा छिद्रं उघडी ठेवलेलं, लाखेचा जाड थर नसलेलं लाकूड घ्या. त्याला बोटांचे ठसे जवळजवळ दिसत नाहीत आणि ऊन चमकत नाही.

अल्कांताराबद्दल धागाकर्त्याने कौतुक केलंय ते दारापुरतं योग्य. स्टिअरिंगवर तोच माल घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. हे चामडं नाही, सुमारे ६८ टक्के पॉलिएस्टर आणि ३२ टक्के पॉलियुरेथेन. हाताचं तेल शिरलं की तंतू एकमेकांना चिकटतात, लव बसते आणि घड्याळातल्या १० आणि २ च्या जागा टक्कल पडल्यासारख्या चमकतात. साफ करायचं तर कोरड्या मऊ ब्रशने लव उभी करा, साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने हलकं पुसा, सावलीत वाळू द्या, पुन्हा ब्रश. चामड्याचं क्रीम चुकूनही नको, लव कायमची बसते.

चामड्याच्या सीटमध्ये आधी जाते ती चालकाच्या दाराकडची उभी कड. सीट इतकी खाली असते की माणूस त्या कडेवर बसून आत घसरतो. आधी बूड सीटच्या मधोमध टेकवा, मग पाय आत घ्या. मऊ अ‍ॅनिलीन चामडं हाताला अवर्णनीय लागतं, पण त्याच्यावर रंगाचं कवच नसतं. फिक्या रंगात घेतलंत तर जीन्सचा निळा डाग आत मुरतो. रोजच्या वापराला सेमी-अ‍ॅनिलीन, किंवा निदान कडांना रंगाचं कवच असलेलं चामडं.

आडवीरेघ

@पॅकेजिंगवाला, डॅशच्या माथ्याचा मुद्दा शंभर टक्के. पण पडदा नको असं मी म्हटलेलंच नाही. नकाशाला पडदा ठेवा. हवा, आवाज, सीटची ऊब, ड्राइव्ह मोड यांना हाताला लागणारं काहीतरी द्या.

२०१९च्या फेरारी रोमात स्टिअरिंगवर स्पर्शाची बटणं दिली. वळवताना अंगठा घासला तरी काहीतरी चालू व्हायचं. तिच्या जागी २०२५ साली अमाल्फी आली, तिच्यात दाबायची बटणं परतली, स्टार्टचं अ‍ॅल्युमिनियमचं बटणसुद्धा. आणि युरो एनकॅपने (गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी युरोपातली संस्था) २०२६पासून इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना खरी बटणं असतील तर जास्त गुण असा पवित्रा घेतलाय. मग ही फक्त माझी आवड कशी?

कॉन्टिनेंटल जीटीतला फिरता फलक तर मला सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटतो: एका बाजूला १२.३ इंची पडदा, दुसऱ्या बाजूला बाहेरचं तापमान, होकायंत्र आणि क्रोनोमीटर असे तीन काट्यांचे डायल, तिसऱ्या बाजूला नुसतं लाकूड.

पॅकेजिंगवाला

एनकॅपच्या यादीत एसी आणि आवाज कुठे आहेत? त्यांना पडद्यावर ठेवायला हरकत नाही, फक्त तापमानाची पट्टी कायम तळाशी दिसावी, मेनूत लपू नये. मी बोलतोय ते मांडणीबद्दल. वाईट मांडलेलं बटणही तितकंच घातक.

फिरत्या फलकावर माझा आक्षेप जागेचा आहे. तीन बाजूंचा तो ठोकळा फिरायला डॅशच्या पोटात खोली लागते. मोटर आणि गिअर, म्हणजे जुनी झाल्यावर अडकायला आणखी एक भाग. रूप म्हणून सुंदर आहे, मान्य. मूळ रचना म्हणून मी ती जागा हवेच्या नळ्यांना देईन.

पत्राकाम

एक राहिलंच. बाहेर आणि आत जिथे भेटतात ती जागा म्हणजे बिनचौकटीची काच. कूपेचं दार उघडलं की मधे खांब नाही, काचेला चौकट नाही, आणि ते रूप मलाही प्रचंड आवडतं. पण दार उघडताना काच काही मिलिमीटर खाली येते आणि बंद झाल्यावर वर जाऊन छताच्या रबरात बसते. बॅटरी काढली की काच हलवणारा कंट्रोलर तिची वरची जागा विसरतो. मग काच रबरावर आपटते, वेगात शिट्टी येते आणि पाणी झिरपतं. बहुतेक गाड्यांत उपाय असा: इग्निशन चालू, काच पूर्ण खाली, मग पूर्ण वर आणि बटण काही सेकंद तसंच ओढून धरायचं. दोन्ही दारांना वेगवेगळं. रबराला अधूनमधून सिलिकॉनचा हलका हात द्या, पेट्रोलियमचं ग्रीस नको, रबर फुगतं. बाहेर सरकणारे दाराचे कान (हँडल) असतील तर त्यांच्या फटीतली मातीही त्याच वेळी ब्रशने काढा. ती साठली की कान अर्धवट बाहेर येऊन अडकतो, आणि थंडीत आतलं पाणी गोठलं तर येतच नाही. चावीचं छिद्र नेमकं कुठे लपवलंय, ते आधीच शोधून ठेवा.

वाऱ्याची दिशा

शिट्टीत एक भर. रीसेट करूनही आवाज राहिला तर काच उंचीला नाही, कोनाला चुकलेली असते. काचेच्या वरच्या कडेवर कागदाची पट्टी ठेवून दार बंद करा आणि पट्टी ओढा. पुढे घट्ट आणि मागे सैल लागली तर दारातले काचेचे स्टॉपर हलवावे लागतात. हे काम दाराचं आतलं पॅनल उघडूनच होतं, रबर बदलून नाही.